डावं-उजवं

केमीत दिवसा मी बस चालवते.
ब्रेक उजव्या पायाचा, ॲक्सिलरेटर उजव्याचाच.
डावा आठ तास नुसता बसून असतो
सोयरिकीला आलेल्या पाहुण्यासारखा.
संध्याकाळी त्यालाच म्हणते, चल, पळ.
कसा पळेल?

आईनं आम्हा तिघा भावंडांत
कधी डावं-उजवं केलं नाही.
मी मात्र स्वतःच्याच पायांत केलं,
एकोणचाळीस वर्षं.

इमारतीच्या तळघरात बॉम्बपासून लपायची खोली आहे.
वीतभर जाडीचं लोखंडी दार.
कायदा म्हणतो म्हणून बांधलेली; तिथे आता
स्की, हवा गेलेल्या सायकली,
आणि माझे दोन बास ड्रम, शेजारी शेजारी.
आवाज बाहेर जात नाही असं मला वाटायचं.
वरच्या मजल्यावरची हिल्का म्हणाली,
तुझ्यामुळे माझ्या कपाटातल्या बशा
रात्री नऊपर्यंत एकमेकींशी बोलतात.

एकशे ऐंशीपर्यंत मांडीनं निभतं.
अख्खा पाय उचलायचा, टाकायचा,
लाकूडतोड्याचं काम, घामाचं, सरळ.
दोनशेवीसच्या पुढे मांडी गप्प,
टाच अधांतरी,
घोटाच थरथरतो, थंडीत दात वाजतात तसा,
आपण वाजवत नाही, वाजतं.
पण एकशे नव्वद ते दोनशे दहा!
तिथे मांडी जड, घोटा उतावळा,
दोन गावांच्या मधली ओस जागा,
ना या गावचं पाणी, ना त्या गावची वाट.
त्या जागेत मी दोन हिवाळे काढले.

इल्पो कोर्वा कागद गिरणीतून निवृत्त,
एका कानानं ठार बहिरा.
त्यानं माझे बूट काढायला लावले. मग मोजे.
खाली वाकला (गुडघे त्याचे कुरकुरले)
आणि माझ्या डाव्या नडगीवर दोन बोटं ठेवून म्हणाला,
"इथे कोण कुणाशी भांडतंय?"
मी म्हटलं, मी दाबतेय पेडल.
"दाबतेस कशाला? ठोका झाला की स्प्रिंग त्याला घेऊन येते.
तू फक्त वाटेतून बाजूला हो."

मग मेट्रोनोम साठावर.
साठावर! मी, जिला दोनशेचाळीस हवे होते.
फक्त डावा पाय. ड्रमवर नाही, उशीवर.
नोव्हेंबर ते मार्च.
उशीला खळगा पडला
आणि सिग्नलला बस थांबली की
मागून एक म्हातारी विचारायची,
बाई, इंजिनात काही सैल झालंय का?

एका मंगळवारी ओस जागा नव्हतीच.
एकशे शहाण्णव, दोनशे चार,
कुठे मांडी संपली, घोटा कुठे सुरू झाला,
कळलं नाही. मी थांबले, घाबरून,
जिना उतरताना एक पायरी कमी निघावी तशी.

जूनमध्ये रेकॉर्डिंग. सामुलीनं पडद्यावर
माझे ठोके दाखवले, उभ्या काड्या काड्या.
उजव्याच्या रेघेवर.
डाव्याच्या प्रत्येक वेळी केसभर मागे.
"हे बघ," म्हणाला, एक कळ दाबली,
आणि सगळ्या काड्या शाळेच्या रांगेत उभ्या राहिल्या.
ऐकलं. निर्दोष.
शिवणयंत्राची टीप.
पाच महिन्यांची उशी त्यात कुठेच नव्हती.

दोन्ही घेऊन इल्पोकडे गेले.
त्यानं चांगला कान लावलाच नाही,
स्पीकरवर तळहात ठेवला, डोळे मिटले.
पहिलं ऐकून म्हणाला, "बरं आहे."
दुसऱ्याला बराच वेळ हात उचलला नाही.
"ह्यात कुणीतरी मागून येतंय."
मी म्हटलं, हो.
"येऊ दे."

सामुली चिडला, चार गाणी त्यानं सरळच ठेवली,
एक मला दिलं.
दुसऱ्या दिवशी पहिली बस पाच चाळीसची.
डावा पाय त्याच्या जागी बसला, नेहमीसारखा.
बंदराच्या वळणावर मी त्याला
थोडी जास्त जागा करून दिली.