बंदरात, बाहेर

तक्त्याच्या सहाव्या स्तंभात मी चौकोन ठेवले होते,
छोटे, नीटस.
टिचकी मारली की खूण, पुन्हा मारली की कोरा.
होडी आली, खूण. होडी गेली, कोरा.
याहून सोपं काय असतं?
दोन वर्षं कुणाची तक्रार नव्हती.

मग क्लाक्सविकहून फोन. सुनेवा,
बंदर-कचेरीत एकोणतीस वर्षं,
आवाज असा, की माझ्यामुळे तिचा रस्सा करपला असावा:
"कॉफीचा मग टेकवला तो नेमका माऊसवर
आणि एक होडी, भर समुद्रात असताना, घरी आली.
तिच्या लोकांना कळवू का मी आता?"

तोर्शहाव्नहून बस. बोगदा समुद्राच्या तळाखालून जातो,
खिडकीत बराच वेळ आपलंच तोंड.
मी मनात जुळवत होतो: चौकोन काढून टाकू,
त्या जागी उघडणारी यादी, दोनच पर्याय.
पहिल्या टिचकीला खाना जागा होईल,
दुसरीला यादी उघडेल,
तिसरीला निवड.
तीन पायऱ्या काही कॉफीचा मग चढत नाही.

अर्ध्या तासाचं काम.
यादी उघडली. सुनेवाने चष्मा नाकावर ओढला,
"ट्रू" वाचलं, "फॉल्स" वाचलं.
"होडी खोटी असते का रे कधी?"

मी म्हटलं, आत फक्त एक आणि शून्य आहे,
वर काहीही लिहिता येतं.
तळ्यात की मळ्यात, एवढंच विचारतं यंत्र.
शब्द तुमचे.
होय आणि नाही चालेल?
"होय काय? नाही काय?"
मग धक्क्याकडे पाहत,
जणू तिथलंच काही उचलून माझ्या हातात देत,
म्हणाली, लिही:
बंदरात.
बाहेर.

एकाला बंदरात, शून्याला बाहेर.
लिहिलं, आणि सगळा स्तंभ बोलायला लागला.
आठवी बंदरात, नववी बंदरात, दहावी बाहेर,
अकरावी बाहेर, पण ती काय, खिडकीतून दिसतेच आहे
धुक्याच्या कडेला, येतेय.

मी खाली सरकत गेलो, सगळं नीट दिसतंय ना बघायला.
ओळ एकशे बारा. सूलान.
शेवटची नोंद जुन्या वहीतून आणलेली,
अकरा वर्षांपूर्वीचा मार्च, मंगळवार.
स्तंभ सहा: बाहेर.

मी हुशार माणूस आहे. लगेच म्हणालो,
तिसरा पर्याय टाकू का?
तो शब्द ओठांवर आला होता, तिथेच ठेवला.
म्हटलं, खाना रिकामाही सोडता येतो,
ना एक ना शून्य, डेटाबेस चालवून घेतो.

ती उठली, रेडिएटरवरचे हातमोजे उलटे केले.
"निक्लाय, आणि त्याचा पोरगा रोकुर. सतरा वर्षांचा.
त्याची आई अजून जागेचं भाडं भरते,
महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी, रोख.
मी पडदा तिच्याकडे वळवते.
तुझा तो चौकोन बघून म्हणायची,
इथे तर काहीच लिहिलेलं नाही, सुनेवा."
हातमोजे पुन्हा सुलटे झाले.
"आता लिहिलंय. राहू दे."

तेव्हा माझ्या लक्षात आलं,
बोलता बोलता मी त्या खान्यावर दोनदा टिचकी मारली होती.
सूलानच्या ओळीत यादी उघडी,
दोन शब्द लोंबकळत,
आणि बाणाखाली निळी पट्टी:
बंदरात.

एक टिचकी बाकी.
मी हात माऊसवरून उचललासुद्धा नाही, न जाणो.
बाहेर कुणीतरी दोरखंड ओढत होतं, एक सीगल उगाच भांडत होता.
सुनेवा वाकली. वाचलं तिने.
ती निळी पट्टी तिने थोडा वेळ तशीच राहू दिली,
कुणाला कळणार होतं,

मग हात लांब करून एस्केप दाबलं.

कॉफी विचारली.
माझा मग
माऊसपासून हातभर दूर ठेवला.