मागे घेताना

बत्तीस फुटांची गाडी मागे घ्यायची
तर दोन माणसं लागतात.
एक चाकामागे,
एक बाहेर, आरशात दिसेल अशी.
अकरा हिवाळे बाहेर आयडेला असायची,
लाल स्वेटर, काखेत पर्स
(पर्स ती गाडीत कधीच ठेवत नसे),
"ये… ये… ये… अगं व्हर्लीन, थांब की मेले!"

यंदा तिनं लग्न केलं.
एकाहत्तराव्या वर्षी, टल्सातल्या एका दंतवैद्याशी.
फोटो पाठवलाय.
दोघांचेही दात सुरेख.

मी एकटीच आले बिग बेंडला.
सत्तेचाळीस नंबरची जागा, दोन मेस्कीटच्या मध्ये.
हातभर मागे. उतर. बघ. चढ.
पुन्हा हातभर. उतर. बघ. चढ.
कॅम्पातली माणसं खुर्च्या टाकून
माझ्याकडे न बघण्याचा सभ्यपणा करत होती.
शेवटी लागली, जराशी कलती.
पाणसळीतला बुडबुडा रेघेबाहेर जाऊन बसला
रुसल्यासारखा.
चाकाखाली एक ठोकळा सारायला हवा होता.
अंधार पडला, नाही सारला.
रात्री जॅव्हलिनांचा कळप आला,
गाडीच्या पोटाला अंग घासून गेला,
कपाटातले कप तेवढे बोलले.

सकाळी नदीवर गेले.
एवढीशी रिओ ग्रांदे,
खडा मारला तर दुसऱ्या देशात पडावा.
अलीकडच्या सपाट दगडावर तारेचे विंचू मांडलेले,
नांगीत मणी ओवलेले,
दगडाखाली दाबलेली चिठ्ठी: आठ डॉलर.
विकणारा कुणी नाही.
पलीकडे वेताच्या सावलीत एक टोपी, एक गाढव.
मी दहाची नोट धरून इकडंतिकडं बघतेय
तर टोपी उठली.
हात वर झाला.
डावीकडे.
अजून.
अजून थोडं.
मग तळहात उभा: बास.
पायाशी कॉफीचा डबा, झाकणाला चीर,
वर खिळ्यानं कोरलेलं: एउसेबियो.

दोन डॉलर परत द्यायचे
तर त्याला नदी ओलांडावी लागली असती.
मी हातानंच म्हटलं, राहू दे.
त्यानं टोपी काढली.
गाढवानं मात्र मान फिरवली.

विंचू आता आरशाला टांगलाय,
उजव्या, जिथं ती दिसायची.
समोरचा डोंगर आधी गुलाबी, मग विटकरी,
मग बराच वेळ
कुठल्याच रंगाचा नाही.
कार्ड लिहायला बसले.
"आयडेला, गाडी लागली."
पुढं सुचेना.
पेन खाली ठेवलं तर टेबलावरून घरंगळत गेलं,
तिच्या बाकाच्या कोपऱ्यात जाऊन थांबलं.
उचललं, ठेवलं.
पुन्हा तिकडेच.

ठोकळा दाराशीच आहे.
उद्या बघू.