भोगीची मूठ

काल फळ्यावर लिहिलं होतं मी :
उद्या भोगी. प्रत्येकाने घरून एक मूठ भाजी आणावी.
मूठ म्हणजे मूठ. पिशवी नको.

आज टेबलावर गाजरंच गाजरं.
सदतीस मुलं, एकोणीस गाजरं,
वांगी दोन, त्यातलं एक बिनदेठाचं,
ओल्या हरभऱ्याची जुडी, मांजरीच्या फाटकापासून शाळेपर्यंत
अर्धी खाऊन संपवलेली,
आणि मृण्मयीचा सिमला मिरचीचा तुकडा.
"आईला मीटिंग होती, बाई."
पावटा कुणीच आणला नाही.
पावट्यावाचून कसली भोगी, म्हणत छबूमावशीनं
सायकलच्या पिशवीतून पसाभर शेंगा काढल्या.
तिला आधीच माहीत असावं.

न खाई भोगी, तो सदा रोगी,
वर्ग ओरडला, खिडक्या थरथरल्या.
यल्लप्पा तेवढा गप्प.
जूनपासूनची ही त्याची तिसरी शाळा,
बाप सोळाव्या मजल्यावर सळया बांधतो.
"तुझी मूठ?"
त्यानं स्वेटरच्या बाहीतून हळूच ओढून काढलं
बाजरीचं कणीस.
वाळकं, आखूड, निम्मं चिमण्यांनी टिपलेलं.

"कुठून रे?"
"लिफ्टच्या खड्ड्याशेजारी आलंय. आपोआप."
"पण बाई, ही भाजी नाहीये," कुणीतरी म्हणालं,
आणि खरंच, नव्हतीच ती भाजी.

छबूमावशी पिठाच्या हातानंच उठली.
कणीस उलटंपालटं करून पाहिलं.
"तिथं एक चिंच आहे ना, विहिरीवर वाकलेली?"
"चिंच नाही," तो म्हणाला. "मिक्सर आहे."
"बरं," म्हणाली ती.
तळहातावर कणीस चोळलं, फुंकर मारली.
कोंडा उडाला थेट ढमढेरे सरांच्या नाकात,
सर दोनदा शिंकले, मुलं पोट धरून हसली.
उरलेले दाणे पुढच्या बाकानं मोजले : त्रेसष्ट.
मागच्या बाकाच्या मते एकसष्ट.

तिळाबरोबर तेही थापले भाकरीवर.
कुठल्या भाकरीवर, ते मावशीनं सांगितलं नाही.
"दाताखाली टणक लागलं की हात वर करायचा."

पत्रावळीवर गाजराच्या गोडीची भाजी,
लोण्याचा गोळा, आणि सदतीस तोंडं
इतकी सावकाश चावणारी
मी कधी पाहिली नव्हती.
एक हात वर झाला. मग तीन.
मृण्मयीनं उगाचच केला, मला कळलं.
सरांनीही केला.

नंतर फळा पुसला,
तेराचा पाढा सुरू झाला,
तेरा पंचे पासष्टपर्यंत आलो तरी
शेवटच्या बाकावर यल्लप्पाचा हात वरच.