टोकन तरतूद

रात्री साडेनऊला इंद्रभुवनात
लेखा विभागाचा एकच पंखा फिरत होता,
तोही कुरकुरत, जणू त्याचंही बिल थकलंय.
मी मुजावर, वरिष्ठ लिपिक,
सव्वीस अंदाजपत्रकं टाइप केलेला माणूस.
आकडा कितीही मोठा असो, शेवटी लिहितो: फक्त.
अक्षरी रुपये चाळीस कोटी फक्त.
हात थरथरत नाही.

समोर महापौर, भाग्यलक्ष्मी म्याकल.
चपला टेबलाखाली काढून पाय फरशीवर टेकवलेले.
उद्या सभा. उपसूचना आज रात्रीच हवी.
हातात पेन्सिलीचा तुकडा, नातवाचा असावा,
मागचं टोक चावलेलं.

"स्वागत कमान, होटगी रस्ता," मी वाचलं,
"दोन कोटी दहा लाख."
"येणाऱ्याला कळतंय की ओ, सोलापूर आलंय ते.
उन्हावरनंच कळतंय. काढा."

मग अग्निशमन.
होज पाइपला अकरा ठिगळं. हे अहवालात नाही,
हे दलातल्या बिराजदारनं त्यांना दाखवलंय,
भोकात बोट घालून.
त्या रात्री गाडी बोळात वळलीच नाही.
पाइप पोचला तिथवर फुटलेला होता.
आत टॉवेलच्या गठ्ठ्यांवर झोपलेले तिघं.
सकाळी पंचनाम्यात गठ्ठे मोजून लिहिले.
त्या यातलं काही बोलल्या नाहीत.
पेन्सिल नुसती त्या ओळीवर उभी धरली, बराच वेळ,
मग कमानीचे पैसे तिथं उतरवले:
लहान गाडी. बोळात वळणारी.

"पथदिवे, विडी घरकुल ते कारखाना फाटा.
चौसष्ट खांब मागितलेत, एकोणीस बसतात."
"कुठले एकोणीस?"
सव्वीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.
त्यांनी कागदाच्या पाठीवर रस्ता काढला,
ओढा, बंद सायझिंगची भिंत, पिठाची गिरणी.
"इथं. इथं. इथं नको, इथं कुत्री भुंकतात
पण ओट्यावर माणसं असतात.
इथं दोन लावा."
कारण सांगितलं नाही.
मी विचारलं नाही.

पान सत्त्याऐंशी. पाळणाघर,
विडी कामगार बायकांच्या लेकरांसाठी.
तोवर बेरीज काठाला टेकली होती.
सवयीनं बोलून गेलो,
"टोकन धरू, मॅडम. एक हजार.
हेड जिवंत राहतंय. पुढच्या वर्षी बघू."

"हजार."
त्या हसल्या, पण तोंडानंच.
"हजार म्हणजे किती, मुजावर?
चाळीस जुड्या. पंचवीसची एक.
आई पहाटे चारला सूप मांडीवर घ्यायची
आणि मला जुन्या लुगड्यानं खांबाला बांधायची,
रांगत येऊन तंबाखूत हात घालीन म्हणून.
संध्याकाळी चेकर एकेक दाबून बघायचा.
साठ छाट, कधी नव्वद छाट.
हजार भरायला अकराशे वळाव्या लागतात ओ."

पंखा कुरकुरला.
खाली गेटवर वॉचमननं कुणाला तरी हटकलं.
मला वाटलं, आता दुसरी एखादी ओळ खोडतील,
मी रबर पुढे सरकवलासुद्धा.
त्यांनी पानं मागं-पुढं केली. दोनदा.
पाणीपट्टीवर थांबल्या, रात्रनिवाऱ्यावर थांबल्या,
फवारणीवर थांबल्या.
कुठंच पेन्सिल टेकली नाही.

"लिहा हजार," म्हणाल्या.
"पण पुढं फक्त लिहू नका."

"लिहावंच लागतंय, मॅडम.
नाहीतर मागाहून कुणीतरी आकडा वाढवतंय."

"मग वाढवू दे की."

चपला पायानं शोधत शोधत त्या उठल्या.

घरी पोचलो तर नळाला पाणी आलेलं, पाचव्या दिवसाचं.
अख्खी गल्ली जागी, मोटारींचा गलका.
बायकोनं दारातच घागर हातात दिली.
"झालं का बजेट?"
झालं म्हणालो.
एक ओळ उघडी आहे.