राजाची रजा

शंकरपटाच्या रातचं नाटक सुटलं पहाटे साडेपाचला.
मुकुट ट्रंकेत गेला, मिशी डबीत,
कपाळावरचा लाल रंग मात्र खोबरेल लावूनही निघेना.
तसाच डोमाजीच्या टपरीवर बसलो
तर लोकांनी मलाच धरलं.
टीव्हीवर विलायतेचा राजा पाहिलेला सगळ्यांनी,
आणि राजा म्हणून ओळखीचा
मी एकटाच.

"त्याचं आडनाव का आहे?"
म्हटलं, लावायची गरजच पडत नाही त्याला.
मागच्या कुणीतरी एका किल्ल्याचं नाव उचललं, तेच घराण्याचं झालं.
"मंग का वेगळं? आम्ही बोंडेगावकर,"
डोमाजी दूध ओतत म्हणाला,
"आमच्या आज्यानं गाव उचललं. किल्ला नोहोता."

पासपोर्ट नाही त्याच्याकडे, मी सांगितलं.
सगळ्यांचे पासपोर्ट त्याच्याच नावानं निघतात,
स्वतःच स्वतःला काय कागद देणार?
गोपिकाबाईनं अंगठा पुढं केला,
रोवणं करून करून गुळगुळीत झालेला.
"रेशनची मशीन मले ओळखत नाही.
कागद मीबी नाही दाखवत आता. करा मले राणी."

वाढदिवस दोन.
एक खरा, एक सरकारी, जूनमधला,
मिरवणुकीला ऊन मिळावं म्हणून.
यावर टपरी इतकी हसली की कुत्रं उठून गेलं.
अख्ख्या गावाचा जन्म गुरुजीनं एक जूनला लिहिलाय.
मायला विचारलं तर ती सांगते,
धुऱ्यावर झालास, भाताचा गरा भरत होता तेव्हा.

"पगार?"
खजिन्यातून मिळतो.
मला प्रयोगाचे बाराशे,
तेही ऑर्गनवाल्याचे देऊन झाल्यावर.

मत देत नाही तो. कायद्यानं बंदी नाही, रीत नाही.
आणि उघड्या पाण्यातले, खूण नसलेले हंस त्याचे.
सुकरू ढिवर इतका वेळ बिडीच ओढत होता.
"पाखरं त्याची?"
हो.
"आमच्या तलावाच्या मासोळीचा लिलाव होते,"
तो म्हणाला, आणि थोड्या वेळानं,
"पाखराले मालूम आहे का पन?"

मग गोपिकाबाईनंच काढलं.
राणी मेली आणि पोराला मुकुट घातला
यात किती महिने गेले.
तेवढे दिवस गादीवर कोण होतं?

म्हटलं, गादी रिकामी राहतच नाही बाई.
इकडे श्वास जातो, तिकडे पोरगा राजा.
मुकुट मागाहून, वाजंत्री मागाहून.

हे मला वाचावं लागलं नव्हतं.
आठ वर्षांमागं, सिंदेवाहीकडच्या एका गावात,
तिसऱ्या अंकाआधी बाबा विंगेत खाली बसले.
भिंत समजून कनातीला टेकले.
कनात मागं सरली.
मालक म्हणाला, तिकिटं विकली आहेत.
त्यांच्या अंगातला झगा काढून माझ्या अंगात घातला दोघांनी,
काखेत ओला,
गरमच होता अजून.
मी उजेडात गेलो. टाळ्या पडल्या.
मागच्या सतरंज्यांवरच्यांना
माणूस बदललेला कळलाही नाही.

यातलं टपरीवर काही बोललो नाही.
चहावर साय धरली होती, ती बोटानं काढली.

खिलेश दप्तर घेऊन उभा होता, चौथीतला,
कुणी पोहे देईल का बघत.
"राजाले सुट्टी पाहिजे असन,
तं अर्ज कोनाले लिहाचा?"

कुणी हसलं नाही.
डोमाजीनं गाळणी आपटली, चोथा पडला नाही,
पुन्हा आपटली.
रात्री कुरखेड्याला प्रयोग होता, तोच झगा.
कपाळ खाजवलं तर नखात लाल आलं.

"गुरुजीले विचार," मी म्हटलं,
आणि वडशाची गाडी लागली.