दुसरा शनिवार

खुर्च्या पंचवीस मांडायच्या की बारा
हे मला अकरा वर्षांत ठरवता आलेलं नाही.
पंचवीस मांडल्या की रिकाम्या अंगावर येतात,
बारा मांडल्या की तेरावा माणूस
दारातूनच "चालू द्या, चालू द्या" म्हणतो
आणि पुढच्या महिन्यात येत नाही.

सातपूरला टायरच्या दुकानावर
बंद पडलेल्या टायपिंग क्लासची ही खोली.
भाडं तीनशे, पंख्याचे वेगळे.
किल्ली माझ्याकडे, प्रोजेक्टर फरहत कोकणीचा.
त्याच्या डाव्या कोपऱ्यात जांभळा डाग आहे,
बोलणारे आता त्या डागाला सोडूनच मजकूर लिहितात.

येतं कोण?
अंबडहून गांगुर्डे.
त्याच्या सर्व्हर रूममध्ये साहेबांच्या घरचे आंबे ठेवतात,
कारण आख्ख्या कारखान्यात एसी तेवढाच.
विजया आव्हाड,
पिंपळगावच्या शीतगृहातली द्राक्षं
रात्री तीनला फोनवर शून्य अंशात आहेत ना, बघणारी.
दूध संघाचा धात्रक,
ज्याला दर दिवाळीला विचारतात,
"वर्षभर काहीच बंद पडलं नाही, मग तू करतोस काय?"
घरी विचारा, सगळ्यांचं उत्तर एकच:
"कॉम्प्युटरमध्ये आहे."
आणि मग शेजारचे प्रिंटर घेऊन येतात.

आठला सुरू म्हणायचं, पावणेनऊला करायचं.
नऊला पाववडे. नेहमी दोन कमी.

मागच्या खेपेला विषय होता बॅकअप.
पुण्याचा वक्ता सिन्नरला अडकला,
गाडीचं रेडिएटर गेलं म्हणाला.
मी मोबाइल हातात धरून उभा,
आता काय, पाववडे लवकर मागवावेत का.

तेव्हा सोनजे उठले.
निंबा सोनजे, चार वर्षं येतायत,
बसायचे बटणांच्या बोर्डाजवळ,
दिवा घालवायचा, दिवा लावायचा,
त्यापलीकडे आवाज ऐकलेला नव्हता त्यांचा.

म्हणाले, नांदगावकडे एका पतसंस्थेत होतो.
दोन खिडक्या उघड्या होत्या स्क्रीनवर,
एक चाचणीची, एक खरी.
एक ओळ टाइप केली, एंटर दाबलं.
चुकीच्या खिडकीत.
बॅकअप रोज रात्री व्हायचा,
रोज सकाळी हिरवी खूण,
सात महिने हिरवी खूण,
उघडून पाहिला तर आत काही नाही.

मग त्रेचाळीस दिवस
आठवड्याच्या बाजारात टेबल टाकून बसलो.
लोकांची पासबुकं मागून घ्यायची,
एकेक खातं पुन्हा भरायचं.
भाजीवाल्या एक बाई
दोन दिवसांनी परत आल्या, म्हणाल्या,
"भाऊ, माझ्यात चाळीस रुपये जास्तीचे लिहिलेत,
तेवढे कमी कर."

एवढं बोलून ते बसले,
आणि सवयीने दिवा लावला. दिवा चालूच होता,
तो गेला.

अंधारात कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.
गांगुर्डेनं विचारलं, "कुठली आवृत्ती होती?"
सोनजे हसले बहुतेक.
मग विजयानं तिचं सांगितलं, एका कंटेनरचं,
धात्रकनं दोन सांगितली,
फरहतनं एक अर्धवट, म्हणाला उरलेलं पुढच्या वेळी.
पाववडे गार झाले.
साडेअकराला टायरवाल्याच्या वॉचमननं
खालून काठी आपटली.

माझंही आहे एक.
अकरा वर्षांपूर्वीचं, जानेवारीतलं,
ही खोली घेण्याच्या महिनाभर आधीचं.
तेव्हा मी खुर्च्या उचलत होतो.
संयोजकाला खुर्च्यांचं काम नेहमी निघतं.

या शनिवारच्या फलकावर
विषयाची जागा कोरी ठेवलीय.
वक्ता म्हणून एक नाव लिहिलं,
पुसलं, पुन्हा लिहिलं,
खडू ओला असल्यासारखा उमटतोय.
खुर्च्या बाराच मांडल्यात.
तेरावा आला तर माझी घेईल,
मी उभाच असणार आहे.