सहा वीस

जांबोटीच्या अलीकडं बसनं सोडलं
तेव्हा साडेअकरा झाले होते.
भरमाणी म्हणाला, दिवस ल्हान झालाय,
खरं जाऊन येऊ की.

आमच्याकडं 'खरं' म्हणजे 'पण'.
परगावच्याला हे उमजायला वर्ष जातं.

भाताची खाचरं पिवळी पडत चाललेली,
बांधावर कुर्डूचे तुरे.
एका बाईनं मान वर न करताच विचारलं,
कुठं चाललाय?
नदीला.
नदीला काय हाय आता?
भरमाणी नुसता हसला. मीही.

बावीस वर्षं मी बेळगावात, ऑफिसात,
रोज सकाळी आठला फोन उचलायचो.
पलीकडून हा. नाव नाही, नमस्कार नाही,
नुसता आकडा, कानडीत,
कारण रजिस्टर कानडीत.
मी लिहायचो. फोन ठेवायचो.
मलप्रभा माझ्यासाठी निळ्या शाईचा एक रकाना होती.

आज पहिल्यांदाच तिच्याकडं पायी.

रान एकदम लागत नाही.
आधी कुणीतरी लावलेले काजू,
मग करवंदीच्या जाळ्या,
मग ऐन, मगरीच्या पाठीसारख्या सालीचा,
आणि मग आपलंच बोलणं आपल्याला मोठं वाटायला लागतं.
वाळत्या तेरड्याच्या बोंडांना बोट लावत गेलो.
फट्. फट्.
साठी उलटलेला माणूस. कुणी बघत नव्हतं.
वाटेवर आडवी कोळ्याची जाळी;
भरमाणी काठीनं एकेक बाजूला सारायचा,
दार लोटावं तशी, हळूच.

आवाज आधी आला, पाणी मागून.
कणकुंबीहून फार लांब आलेली नाही ती,
इथं अजून पोरच आहे,
दगडादगडाशी थांबणारी.
वाळुंजाच्या मुळांत खेकडा,
वर खंड्या, निळा, रागावल्यासारखा.

आणि खांब.
सिमेंटचा, शेवाळलेला, थोडा कललेला,
त्यावर पट्टी, निम्मे आकडे गंजून गेलेले.
एवढाच?
मला वाटलं होतं काहीतरी उंच असेल.

भरमाणीनं चपला काढल्या,
देवळात जाताना काढतात तशा नाही,
कामावर जाताना काढतात तशा.
गुडघाभर पाण्यात उभा राहून वाकला.
"ओंदु, हत्तु."
एक मीटर, दहा.
माझा हात खिशाकडं गेला होता.
बसच्या तिकिटामागं लिहिलं,
तारीखही घातली.

डब्यातल्या भाकरी खाताना तो म्हणाला,
त्या साली पूर आल्ता बगा,
आरु इप्पत्तु सांगितलो मी तुमास्नी.
सहा वीस. आठवतंय.
साहेब स्वतः बघायला आले होते रजिस्टर.
मी आलोच नव्हतो हितवर, तो म्हणाला.
वड्याला पाणी. तासभर हुबारलो अलीकडं.
मग झाडाची एक फांदी बघून अंदाज केला.
खरं नव्हतं ते.

पाण्यावरून एक पान गेलं, मग दुसरं.
मी मोजत नव्हतो.

"खरं…" तो पुन्हा म्हणाला,
आणि पुढं काही आलं नाही.

सांगता आलं असतं
की त्या आकड्यावर पुढं तक्ते निघाले, आलेख निघाले,
एका पुलाची उंचीही बहुतेक तिथूनच ठरली.
किंवा हे, की पूल अजून उभा आहे.
मी त्याला चटणी वाढली.

साडेचारलाच ऊन ऐनांच्या शेंड्यांवर गेलं.
खाली वाटेवर गारवा,
सकाळची जाळी कोळ्यांनी पुन्हा बांधायला घेतलेली.
भरमाणी त्याच काठीनं, तसाच हळूच.

खाचरात ती बाई नव्हती.
विळा मात्र बांधावर राहिला होता,
म्हणजे ती परत येणार.

बसमध्ये कंडक्टरनं तिकीट मागितलं.
हे सकाळचं, तो म्हणाला.
होय, ठेवायचं आहे.
नवीन दोन दे.